आमखेड्याला गाडी थांबावी म्हणून

८ जानेवारी १९६८

अर्ज परत आला. पाचवा. कारण तेच — आमखेडा येथे गाडी थांबवण्याइतके उतारू नाहीत. गाडीच थांबत नाही तर उतारू कुठून येणार? हे मी चौथ्या अर्जात लिहिलं होतं. रेल्वेच्या साहेबांनी त्या वाक्याखाली लाल पेन्सिलीनं रेघ ओढली आहे, म्हणजे वाचलं. उत्तर दिलेलं नाही.

दुकानात संक्रांतीची गर्दी. काळ्या साड्या संपल्या.

९ जानेवारी

सहावा अर्ज टाकला.

१६ जानेवारी

आमखेडा रेल्वे हॉल्ट मागणी समितीची सभा. अध्यक्ष मी. चिटणीस गणपतराव — निवृत्त हेडमास्तर, इंग्रजी अर्ज तेच लिहितात. सभासद म्हणजे त्या वेळी नागपुरातल्या धरमपेठेतल्या माझ्या कापडदुकानात जो असेल तो. आज तिघे होते. त्यातला एक धोतरजोडी बदलायला आला होता, तोही शेवटपर्यंत बसला. जोडी बदलून दिली.

मी पाऊण तास बोललो. संत्री नागपूरला येतील, कापूस येईल, लग्नाचे बस्ते खरेदी करायला अख्खी वऱ्हाडं गाडीनं येतील. सगळं खरं आहे. पण वहीत लिहायला हरकत नाही — मला संत्री नकोत. मला बाई हवी आहे.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण, भागीरथा. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा. बाईनंच न्हाऊमाखू घातलं, कडेवर वागवलं. ती लग्न होऊन आमखेड्याला गेली तेव्हा मी दोन दिवस जेवलो नाही. आज माझं बावन्न वय आहे, पण दिवाळी आली की तसंच होतं. अकरा वर्षं ती माझ्या घरी आलेली नाही. दर भाऊबीजेला मी बोलावणं पाठवतो. दरवेळी भाऊजी रुपराव यांच्या अक्षरात कार्ड येतं — मधात नाला हाये, मोटार येत नाही, पाय दुखतात, गाडी थांबू लागली की येते.

म्हणून गाडी थांबवतो आहे. छोट्या लाइनची गाडी तिच्या घरासमोरून जाते. नुसती जाते!

मी वर्षातून एकदा बैलगाडीनं नाला ओलांडून जातो. पोट फुटेस्तोवर जेवू घालते. चल म्हटलं की पाय दाखवते.

४ मार्च

साहेब पाहणीला येणार! १७ तारखेला गाडी आमखेड्याला पाच मिनिटं थांबवून किती माणसं चढतात ते स्वतः मोजणार. भाऊजींना लगेच कार्ड टाकलं — त्या दिवशी गर्दी दिसली पाहिजे. गर्दी या शब्दाखाली दोन रेघा.

१७ मार्च

गर्दी दिसली.

मी साहेबांच्या शेजारीच बसून गेलो. गाडी थांबली आणि माझा ऊर भरून आला. अख्खं गाव रुळाशी! डफडं, हार, नारळ, बाया नव्या लुगड्यांत. गणपतराव म्हणाले दोनशे, मी टिपणात तीनशे लिहिले. साहेबांनी विचारलं, ''इनमें से जाएगा कौन?''

म्हातारे ताराचंद पाटील पुढे झाले. डोळे दाखवायला नागपूरला जायचं होतं.

''और बाकी लोग?''

भाऊजी म्हणाले, ''पाटलाले पोचवायले आले, साहेब.''

साहेबांनी कागदावर १ लिहिला. मग पेन्सिल खिशात ठेवली. आमच्याकडे एक माणूस गावाला जातो तेव्हा वेशीपर्यंत पोचवायला गाव येतं, ते मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, वेशीला तिकीट लागत नाही.

बाई मागे उभी होती, डोक्यावर पदर घेऊन. मी धावत गेलो, म्हटलं, बस तू गाडीत, एकाचे दोन होतील. चुलीवर भात टाकून आली आहे म्हणाली. गार्डनं शिट्टी दिली. सगळ्यांनी पाटलांना हात केले.

१८ मार्च

घरी बायकोला, गोपिकेला, सगळं सांगितलं. हसली नाही. म्हणाली, ''ननदबाई नव्या लुगड्यात होत्या का?''

होती.

''भात टाकून, नव्या लुगड्यात,'' एवढंच म्हणाली आणि पीठ मळत राहिली. बायकांचं लक्ष लुगड्याकडे!

११ एप्रिल

कमाल झाली. हॉल्ट मंजूर! प्रायोगिक, १ मेपासून पाच महिने. शेवटच्या महिन्यात रोज सरासरी पंधरा तिकिटं खपली तर कायम, नाही तर बंद. साहेबांनी शेऱ्यात लिहिलं आहे म्हणे, की गावात उत्साह आहे. डफडं कामी आलं.

तिकिटं विकायला गावातला चहावाला जयवंता नेमला. कमिशनवर. चहाच्या टपरीतच तिकिटांचा डबा.

१ मे

गाडी थांबली. नारळ मी फोडला. तिकिटं खपली अकरा, त्यातली चार मी काढली.

बाईला म्हटलं, आता? म्हणाली, उन्हाळ्यात कुठं ये म्हणतो गा, दिवाळीले पाहू.

ठीक आहे. दिवाळीपर्यंत हॉल्ट जगवायचा.

२० जून

सरासरी तीन. जयवंता लिहितो की डब्याला गंज चढून राहिला.

१ जुलै

मीच अखेर दुकानदार आहे. पाटी रंगवून दाराशी लावली —

आमखेड्याचे रेल्वे तिकीट दाखवा, चोळीचा खण मोफत न्या.

तसल्याच दहा पाट्या गावोगाव पाठवल्या. गणपतरावांनी 'मोफत'च्या पुढे उद्गारचिन्ह सुचवलं. नको म्हटलं. विश्वास बसत नाही लोकांचा.

९ जुलै

सकाळी नागपूरच्या इतवारी स्टेशनातून माणूस आला — तुमची गिऱ्हाइकं घेऊन जा. गेलो. आमखेड्याच्या सात बाया फाटकाशी अडवलेल्या. तिकीट कलेक्टर तिकीट मागतो, त्या देत नाहीत. मुठी आवळून उभ्या. त्यातली पार्वतीबाई त्याला सांगत होती, ''तुले देलं तं खण काय तू देशीन?''

उतरल्यावर तिकीट फाटकावर द्यावं लागतं हे माझ्या ध्यानातच आलं नाही. दहा वर्षं दुकान चालवतो आहे, पण गिऱ्हाइकाच्या हातातला कागद दुसरं कोणी काढून घेतं असा अनुभव नव्हता. सातही खण स्टेशनावर आणून वाटले. कलेक्टरनं आपल्या बायकोसाठी एक मागितला. दिला.

१० जुलै

पाटी बदलली. आता परतीचं तिकीट दाखवायचं, ते हातात राहतं.

३१ जुलै

परतीचं तिकीट इतवारीला काढतात, म्हणून ते इतवारीच्या नावावर धरतात. आमखेड्याच्या नाही. महिनाभर मी खण वाटून इतवारी स्टेशनाची भरभराट केली. पाटी उतरवली.

सरासरी चार.

१५ ऑगस्ट

झेंडावंदन. मन लागलं नाही. सहा आठवडे उरले. हॉल्ट बंद झाला तर बाई आणखी अकरा वर्षं येणार नाही. ती आता साठीला टेकली. हे मी कोणाजवळ बोलत नाही.

७ सप्टेंबर

जयवंताचं कार्ड. दोनदा वाचलं. गणपतरावांकडून वाचून घेतलं. ऑगस्ट अखेरपासून रोज सरासरी एकतीस! एकतीस!!

खणांचा परिणाम. जाहिरात मुरायला वेळ लागतो, मी म्हणतच होतो.

१९ सप्टेंबर

तेहतीस. दुकानात मात्र आमखेड्याचा एकच माणूस आला, तोही सुटं मागायला. गोपिका विचारते, एवढी माणसं उतरतात तं जातात कुठं? लकडगंजला जात असतील, घाऊक खरेदीला. गाव सुधारलं म्हणायचं.

५ ऑक्टोबर

हॉल्ट कायम! हुकूम हातात आहे. समितीनं माझा सत्कार केला, माझ्याच दुकानात, माझ्याच शालीनं. शाल घडी करून परत कपाटात ठेवली. भाषणात मी म्हणालो, एका माणसाच्या जिद्दीपुढे रेल्वे थांबते. टाळ्या पडल्या. पाचजण होते.

बाईला कार्ड — भाऊबीजेला सकाळच्या गाडीनं ये. मी स्टेशनावर उभा राहीन.

२२ ऑक्टोबर

हिरवं नऊवारी काढून ठेवलं, बारीक लाल काठाचं. तीनदा बदललं. गोपिकेनं अनारसे केले आहेत. मी दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांना कारण नसताना सूट देत होतो. इतका आनंद मला दुकानाच्या पहिल्या दिवशीही झाला नव्हता.

२३ ऑक्टोबर. भाऊबीज

सकाळच्या गाडीतून आमखेड्याची दोन माणसं उतरली. बाई नाही. संध्याकाळच्या गाडीपर्यंत बाकावर बसलो. त्यातूनही नाही.

शेजारच्या यमुताईंनी विचारलं, ओवाळू का? नको म्हटलं.

२४ ऑक्टोबर

पहाटेची गाडी धरून आमखेड्याला गेलो. आजारी असेल असंच मनात. हॉल्टवर जयवंता चहा गाळत होता. म्हटलं, बाई बरी आहे ना?

''त्याईले काय झालं? आता याच गाडीनं गेल्या.''

कुठं?

''बाजाराले. रोजच जातात.''

मी ज्या गाडीतून उतरलो, तिच्याच मागच्या डब्यात बाई चढली होती. पुढे, नागपूरच्या उलट दिशेला. जयवंतानं सांगितलं ते असं — त्या लाइनीवर रोज कुठल्या ना कुठल्या गावचा आठवडी बाजार असतो. भाजी, सीताफळं, चारोळ्या घेऊन आधी बाई एकटी जाऊ लागली. मग तिनं पार्वतीबाईला नेलं, मग गावातल्या तीस बाया झाल्या. एकतीस तिकिटं म्हणजे बाई आणि तिच्या बाया! हॉल्ट कायम केला तो तिनं. माझ्या खणांनी नाही.

संध्याकाळच्या गाडीनं आली. डोक्यावर रिकामी टोपली, टणाटण उतरली. पायांचं काही दिसलं नाही. मला पाहून थबकली. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, बघ, गाडी थांबते.

तिनं डोक्यावरची टोपली खाली ठेवली. मग हळू म्हणाली, ''तू हे काहून करून ठेवलं गा, चंद्रभान?''

भरून आलं असेल तिला. मी म्हटलं, तुझ्यासाठी. साडी हातात दिली. तिनं घेतली नाही, टोपलीत ठेव म्हणाली. घरी नेऊन पोटभर जेवू घातलं. काल काहून आली नाहीस ते विचारलं, तर उठून ताक आणायला गेली. रात्रीच्या परतीच्या गाडीला पोचवायला आली. एकटीच.

२६ ऑक्टोबर

दुपारी जेवताना गोपिकेला विचारलं — गाडी आहे, पाय बरे आहेत, मग बाई का येत नाही? तिनं आधी भाकर वाढली, मग समोर बसली.

''मामंजी गेले त्या वर्षी भाऊबीजेले तिनं तुम्हाले ओवाळलं. तुम्ही ताटात ओवाळणी टाकाच्या जागी कागद ठेवला. वावरातला हिस्सा सोडल्याचा. तिनं अंगठा देला अन् पाणीही न पिता गेली. तुमची लाज राहावी म्हणून अकरा वर्षं तिनं नाल्याचं नाव सांगितलं. तो नालाही तुम्ही काढून घेतला.''

सगळेच भाऊ घेतात, मी म्हणालो.

ते वावर विकून हे दुकान टाकलं.