नकाशात न आलेलं झाड

१४ सप्टें. २००३
गणपती गेले आणि वृषाली आली. माझ्या भावाची मुलगी, पुण्याला झाडांचं शिकते. दिवाळीनंतरपर्यंत राहणार म्हणे. बरोबर साबणाच्या वडीएवढं यंत्र आणलंय. आभाळातून विचारून आपण कुठे उभे आहोत ते सांगतं. मी कुठे उभी आहे ते मला ठाऊक आहे.
तिला नरक्याची झाडं हवीत. "आत्ये, नकाशा करायचाय. कुठं असेल, कुठं नसेल त्याचा."
नरक्या विचारत कोणी आलं की माझं डोकं फिरतं. त्याच्या लाकडातून कॅन्सरचं औषध काढतात, बाहेरदेशी जातं. मागे पलीकडच्या गावचा डोंगर ट्रक लावून बोडका केला. त्याच्या आधी तिथेही एक जण नुसता बघायलाच आला होता.

१९ सप्टें.
वृ.ला घेऊन फिरले. झाड फुलावर आहे, घाण वासावरूनच सापडतं. प्रत्येकापाशी ती यंत्र धरून आकडे उतरवते. वाडीतल्या बायकांनीही दाखवली. राईतली मात्र कोणी दाखवली नाहीत. राई देवाची. तिथे कोयता न्यायचा नाही आणि आत काय आहे ते बाहेर बोलायचं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूने पहिलं हेच बजावलं.
तीन नरक्ये राईत. चौथा खाली पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या काठाला, खाडीच्या अंगाला. तो मला आणि ह्यांनाच माहीत, म्हैस हरवलेली तेव्हा दिसलेला. तोही नाही सांगितला. भाची असली म्हणून काय झालं.

२ ऑक्टो.
दत्ता लाकूडवाला ओटीवर ह्यांच्याशी बोलत बसलेला. चहा दोनदा. मला बघून म्हणतो, "वहिनी, भाची काय सोनं शोधते काय डोंगरात?"
म्हटलं, "तुझ्या अकलेचं झाड शोधते. सापडत नाय."
तो हसला. हे नाही हसले.

९ ऑक्टो.
एसटीने रत्नागिरीला, वृ.च्या ओळखीच्या ठिकाणी. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायच्या. देवळात गेल्यासारखं, आत थंडी.
तिने दाखवलं. उंची, उतार, पाऊस, माती असे कागदावर कागद ठेवल्यासारखे थर. आपण दिलेली झाडं कसल्या जागी आहेत ते कॉम्प्युटर बघतो, आणि तसली जागा आणखी जिथे असेल तिथे लाल करतो. नसेल तिथे पांढरं.
नकाशा आला. लाल पट्टा कुठे, तर आमच्या मोळीच्या वाटेला धरून. मला हसू आवरेना. "अगो, ही तर आमची फाट्यांची, सरपणाची वाट."
ती कपाळाला हात लावून बसली. "झाड कुठं वाढतं ते नाय शिकला तो, आत्ये. बायका कुठनं चालतात ते शिकला."
बायकांनी वाटेवरचीच दाखवली, तर तो तरी काय शिकणार. राईचं मनात आलं.

२१ ऑक्टो.
आता चिठ्ठ्या टाकून जागा काढते, वाट असो नसो. करवंदीच्या जाळीतून ओरबाडून निघालो. झाड नसेल तर तेही लिहायचं.
"नाय ते कशाला लिहायचं?"
"'नाय' लिहिलं तरच 'आहे'ला किंमत, आत्ये."
आणि एक. सापडलेल्यातली काही झाडं ती बाजूला ठेवते, नकाशाला दाखवतच नाही. मागून विचारायचं, ही ओळखलीस का. परीक्षाच.
मनात म्हटलं, माझीपण चार आहेत बाजूला.

६ नोव्हें.
पुन्हा रत्नागिरी. दुसरा नकाशा. राई लालभडक.
तिथल्या तिथे विचारलं, कोणी सांगितलं तुला? ती उलट मलाच विचारते, "कसलं सांगितलं?"
एसटीत वेगळ्या बाकावर बसले. माझ्या मागून आली असेल. नाहीतर राईचा गुरव फुटला. नाहीतर

७ नोव्हें.
कागद घेऊन अंगणात उन्हात बसले. बोट फिरवत पऱ्यावर आले. पांढरा. ठार पांढरा. तिथे झाड आहे, मी हात लावलाय त्याला. आणि गुरवाच्या आंब्यांत लाल, जिथे नरक्याची काडी नाही.
कोणी सांगितलं असतं तर पऱ्याचा कसा चुकला असता? गुरवाने स्वतःच्या बागेत लाल का ओढून घेतलं असतं? चुकलाय, म्हणजे चोरून बघितलेलं नाही. तीन ओळखली, एक नाही. पास म्हणायचा.
वृ.ला बोलावून सगळं सांगितलं. तिला आनंद व्हायचा तर तोंडच उतरलं. "आत्ये, हा बरोबर निघाला हीच पंचाईत. दत्तासारख्याच्या हाती पडला तर?"
खरंय. लाल म्हणजे असेल, आहेच असं नाही. पण दत्ता असल्या-नसल्याची वाट बघत नाही, लाल दिसलं की सगळं आडवं करील.
ती म्हणते नकाशा भरड दळून देऊ, मोठाले चौकोन, राई कळणार नाही. म्हटलं, तुझ्या सरांनी बारीक मागितला तर?

१५ नोव्हें.
दत्ता आला. "वहिनी, नकाशाची एक झेरॉक्स द्या की. बघू तरी भाचीने काय केलंन."
दिली. पहिल्या नकाशाची. फिर मेल्या मोळीच्या वाटेवर.
हे बघत होते. तो गेल्यावर विचारतात, "हाच खरा काय?" म्हटलं हाच.

२३ नोव्हें.
वृ. पुण्याला गेली. शेजारी फोन आला तिचा. सर बारीक नकाशाच मागतायत. अजून दिलेला नाही. नको देऊस म्हटलं. "नाय दिला तर मला पास कोण करील, आत्ये?"

२६ नोव्हें.
म्हैस घेऊन पऱ्यावर गेले. नरक्याच्या खोडाला खाच. ताजी, आतलं पांढरं दिसतंय. साल खाली नाही, कोणी दाखवायला उचलून नेली.
म्हैस तिथेच सोडून राईत धावले. तिन्ही धड आहेत.
दत्ताकडच्या कागदात पऱ्या नाही. वृ.च्या दुसऱ्यातही पांढराच. नकाशाने काही सांगितलेलं नाही. वृ.ला मी पऱ्याचा सांगितला, पण ती पुण्यात, आणि खाच कालचीसुद्धा नाही, आजची. उरलो मी आणि हे.
घरी आले तर हे ओटीवर. कोयता धुऊन उन्हात ठेवलेला. ह्यांनी कोयता धुतलेला मी कधी बघितला नाही.
"कुठं गेलेलात?"
"काट्या तोडायला. कुंपणाला."
कुंपण दसऱ्याआधीच झालंय आमचं.
जेवायला वाढलं. राईत किती नरक्ये आहेत तेही ह्यांना ठाऊक. उद्या म्हैस राईच्या तोंडाशी बांधणार, आणि मी तिथेच बसणार.