सोळाव्या वाढदिवसाचं मेडल

४ मार्च, मंगळवार

मेडल घ्यायचं राहूनच गेलंय! चौदा तारखेला पोरीला सोळा पूर्ण होतील. बायकोने दवाखान्यात दोनदा बजावलं होतं — "सोळाव्या वाढदिवसाला तिला गळ्यात घालायचं संताचं मेडल द्यायचं. माझ्या आईने मला दिलं होतं तसं. संत तुम्ही निवडा." मी हो म्हणालो. तेव्हा कशालाही हो म्हणालो असतो.

मी कसला निवडतोय! ती चर्चमध्ये प्रार्थनेला आत जायची, मी बाहेर बाकावर पेपर वाचत बसायचो. आणि पोरगी माझी नाही, तिच्या पहिल्या लग्नाची. सात वर्षं एका घरात राहतोय. मला "काका" म्हणते. आई गेल्यापासून तेही कमी झालंय.

६ मार्च, गुरुवार

मेहुणीचा फोन. "भावोजी, परीक्षा संपली की तिला आमच्याकडे नेते. वाढत्या वयाची मुलगी, घरात तुम्ही एकटे… तिलाही कोणी बाईमाणूस हवं." बरोबर आहे, म्हणालो. फोन ठेवल्यावर वाटलं, इतकं पटकन कशाला, निदान घसा तरी खाकरायचा!

पोरीला विचारलं, मावशीकडे जाशील? "बघू." दार बंद.

७ मार्च

ती तिच्या खोलीत जेवली. मी ओट्यापाशी, उभ्यानेच.

८ मार्च, शनिवार

कामावरच्या चष्म्याच्या काचा घासून संपवल्या, दुपारी लवकर सुटलो. चर्चशेजारच्या दुकानात गेलो. कपाटात नखाएवढे संत रांगेने! दुकानातल्या बाईंनी विचारलं, "मुलीला कशाची आवड आहे?" मी किमतींच्या चिठ्ठ्या वाचू लागलो. "बरं, भीती कशाची वाटते?" तेही मला ठाऊक नाही.

मग त्या एकेक काढून दाखवू लागल्या. हरवलेल्या वस्तूंचे संत अंतोन — पोरीने यंदा तीन छत्र्या हरवल्यात, टोमणा वाटायचा. गाणाऱ्यांची सिसिलिया — पोरगी गाते का? बंद दारामागे कानात इअरफोनची बोंडं घालून काय करते, कोण जाणे. डोळ्यांची लुसी — ती तर माझ्या धंद्याची! शेवटी बाईंनी योसेफ पुढे ठेवला. "यांनी पोटचं नसलेलं लेकरू आपलं म्हणून वाढवलं, भाऊ."

तळहातावर बराच वेळ धरला. मग ठेवून दिला. हा देणं म्हणजे मागणंच की! आणि मागायचा मला काय हक्क?

"परत येतो," म्हणालो.

१० मार्च

सकाळी पोरगी आईच्या कपाटासमोर उभी होती. नुसतीच. मला पाहिलं आणि निघून गेली. ते कपाट मीही अजून उघडलेलं नाही. हे तिला सांगायला हवं होतं. चहा गार होईपर्यंत तेवढाच विचार केला.

१२ मार्च, बुधवार

घेतलं. प्रवाशांचा क्रिस्टोफर. हातात काठी, खांद्यावर बाळ, पाण्यातून चाललाय. ती जाणारच आहे, वाटेत कोणीतरी सोबत असलेलं बरं. बाई म्हणाल्या, "मुलगी कुठे निघाली वाटतं?"

"हो." पहिल्यांदाच मोठ्याने बोललो ते.

१४ मार्च, शुक्रवार

दिलं. डबी उघडून तिने उलटसुलट करून पाहिलं.

"हा कोण?"

"प्रवासाचा संत."

"म्हणजे मी जायचं, हे ठरलंय तुमचं?"

"माझं कुठे काय — तुला बरं वाटेल तिथे —"

"तुम्हाला काय वाटतं ते कधी सांगतच नाही तुम्ही!"

सांगायला तोंड उघडलं. तोवर तिचं दार धाडकन लागलं.

१५ मार्च

बंद दाराला सांगितलं — "तू राहिलीस तर मला आवडेल." दार उघडलं नाही. कानात बोंडं असतील. पुन्हा म्हणायचा धीर झाला नाही.

२१ मार्च

काही नाही. घरात नळ गळतो तेवढाच आवाज.

२८ मार्च, शुक्रवार

परीक्षा संपली. तिची बॅग भरून दाराशी. उद्या मेहुणी न्यायला येणार. मी कामावर जाणार आहे, उगाच दारात उभं राहून हात हलवणं मला जमायचं नाही. मालक म्हणाले, सुट्टी घ्या. म्हटलं, नको, काचा पडल्यात घासायच्या. पडल्या नव्हत्या.

२९ मार्च, शनिवार

संध्याकाळी किल्ली काढली, तर दार उघडंच. पोरगी गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिचे, माझे, सगळे.

"मावशी?"

"गेली. मेडल तिला देऊन टाकलं. प्रवास तिलाच करायचा होता."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"चिमटे कमी पडतायत, काका. आणा ना खालच्या दुकानातून."