अनध्यायाचा महिना

सोमवार, ४ नोव्हेंबर १९५७

"भाषा बोजड. पुन्हा लिहा." – लाल शाईत! माझ्या निबंधावर! आणि शेरा मारणारा कोण? उद्धव. आता 'उद्धवराव' म्हणायचं – आमच्या शिक्षक-प्रशिक्षणाच्या वर्गाचे मुख्य. याच चिंचवडात, माझ्याच ओसरीवर बसून हा मुलगा 'रामः रामौ रामाः' घोकत होता. नाक पुसायला मी शिकवलं, विभक्त्याही मीच. आज तो सत्तावीस वर्षांचा, मी सत्तेचाळीस, आणि लाल दौत त्याच्याकडे.

पाच निबंध. मुदत शुक्रवार, २९ तारीख. पाच पोचले तर प्रमाणपत्र. प्रमाणपत्र असलं तर पिंपरीला कारखान्याच्या वसाहतीतल्या शाळेत संस्कृत शिक्षकाची कायमची जागा. नाहीतर आहेच – पुण्याच्या पेपराचा चिंचवडचा वार्ताहर! कुणाची म्हैस नदीत वाहून गेली, कुठल्या पुढाऱ्याने कशाची फीत कापली.

एक लिहिला तो परत आला. चार सुरूच नाहीत.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

रशियाने आकाशात कुत्री पाठवली म्हणे. पृथ्वीभोवती फिरते आहे. मी डेस्काभोवती.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

पौर्णिमा. अनध्याय. आमच्या पाठशाळेत पौर्णिमा, अमावास्या, प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी – या तिथींना ग्रंथ उघडत नसत. शास्त्र आहे. इंदूला तसं सांगितलं.

"मग उद्या प्रतिपदा. म्हणजे उद्याही नाही?"

"नाही."

"आणि मघाशी गटाराची बातमी लिहिलीत ती?"

"ती विद्या नव्हे."

"ते बाकी खरं!" – आणि स्वयंपाकघरात गेली. या बाईशी तेवीस वर्षं संसार केला मी.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

सकाळी टाक धुतला. दौत धुतली. कागद कापले, समास आखले. मग डेस्क डुगडुगतंय असं वाटलं म्हणून पाचर मारली. मग जेवलो.

दुपारी पुलाच्या कामाची बातमी – पंधरा मिनिटांत, एक खाडाखोड नाही! संध्याकाळच्या गाडीने पुण्याला गेलीसुद्धा. मग निबंधाचा कागद ओढला. 'माझे अध्यापनाचे अनुभव'. आणि हात लाकडाचा! एक वाक्य लिहावं तर कानात – बोजड. खोडलं. दुसरं लिहिलं. बोजड. खोडलं. कागद फाडला. समास आखलेले सगळेच फाडले.

पंधरा वर्षं शिकवलं मी मुलांना. त्यावर चार ओळी येऊ नयेत?

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

अष्टमी. इंदूने पंचांगात कोळशाने गोल काढून ठेवलेत. "हे बघा – वीसला चतुर्दशी, एकवीसला अमावास्या, बावीसला प्रतिपदा. आणि एकोणतीसला परत अष्टमी! मुदतीच्या दिवशी तर टाकाला शिवायचंसुद्धा नाही."

पंचांगाला कोळसा लावतात का, म्हटलं.

"कोऱ्या कागदावर लिहिणार होते. तुम्ही ठेवलेत कुठे?"

सोमवार, १८ नोव्हेंबर

सोजराबाई सकाळी दूध घालायला आली. आकुर्डीची, शेतकऱ्याच्या घरची. बालवाडीवर बाई व्हायचंय तिला, म्हणून आमच्याच वर्गाला येते.

"पंत, लिवलं का?"

"चाललंय. तुमचं?"

"पाचीबी दिलं. शेणी थापता थापता डोक्यात जुळवायचं, हात धुवायचं, कागदावर टाकायचं."

"शेरा काय मिळाला?"

"लई जागी तांबडं केलंय. करू द्या की. त्ये त्यांचं काम हाय." चरवी उचलता उचलता माझ्याकडे नीट बघितलं. "भ्या वाटतंया व्हय, पंत?"

मी ओरडलो. दूध पातळ असतं तुमचं, म्हणालो. पातळ नसतं. दोन बोटं साय येते. कुणावर ओरडलो मी!

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

तीन दिवस सलग अनध्याय. शास्त्राने एवढी मेहेरबानी केली, तरी मुदत काही हलली नाही. उरले सात दिवस. निबंध – शून्य.

ठरलं. रविवारी जाऊन उद्धवरावांना तोंडावर सांगायचं – घाला तुमचं प्रमाणपत्र चुलीत!

रविवार, २४ नोव्हेंबर

गेलो. आवाज चढवूनच बोललो. "बोजड म्हणजे काय? कुठली ओळ बोजड? 'पुन्हा लिहा' म्हणजे काय लिहा? नुसतं अंगावर फेकून मोकळं व्हायचं, याला शिकवणं म्हणतात?"

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग फळीवरून एक जुनी वही काढून आणली. एक कोपरा वाळवीने खाल्लेला.

"गुरुजी, शेरा माझा नाही. तुमचा आहे."

'भाषा बोजड. पुन्हा लिही.' लाल शाई विटून तपकिरी झालेली. अक्षर माझं.

"त्यानंतर मी दोन महिने आलो नव्हतो. आठवतं?"

"गोवर आला होता तुला."

"गोवर नव्हता. रोज दप्तर घेऊन घाटावर बसायचो. पवनेत खडे मारत."

"म्हणून सूड घेतलास माझ्यावर?"

तो गोंधळला. "सूड कसला, गुरुजी? निबंध तपासायचा म्हणजे असंच लिहायचं असतं, असं वाटलं. तुमच्याकडूनच तर शिकलो."

सोमवार, २५ नोव्हेंबर

राग आहे अजून. कुणावर काढायचा, तेवढं कळत नाही.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

चार झाले! सोजराबाईची रीत. शेणी नाहीत, म्हणून तांदूळ निवडत बसलो, डोक्यात जुळवलं, हात धुतले, टाकलं. इंदूने टोमणा गिळून सूप पुढे सरकवलं – तिला फार जड गेलं असणार.

सोजराबाईला म्हटलं, दूध घट्ट असतं तुमचं. म्हणाली, "ठावं हाय."

आणि आज पाचवा – 'माझे अध्यापनाचे अनुभव'. बारा वर्षांचा मुलगा, घाट, मांडीवर दप्तर. मला गोवर वाटला तो. माझा शेरा. घरी जाऊन एकदा चौकशीही केली नाही, तेही. हात लाकडाचा झाला नाही.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

पाचही नेऊन दिले. उद्धवने चार ठेवून घेतले, पाचवा उभ्यानेच वाचला. मग घडी घालून खिशात घातला.

"हा मी तपासणार नाही, गुरुजी. हा माझ्याकडे राहू दे. पण नियमाने पाच लागतात. संध्याकाळपर्यंत वेळ आहे."

असा संतापलो! तिथेच त्याच्या ओसरीवर बसलो, कागद मागितला, आणि लिहिला. पाऊण तासात.

घरी येऊन पंचांग पाहिलं. आजच्या तारखेवर कोळशाचा गोल – अष्टमी.