पाहुण्यांचा कप

मंगळवार, दिवेलागणी

मुरारमधलं माझं क्लिनिक महिनाभर बंद ठेवलंय, त्याचा आज दुसरा दिवस. ठरवून घेतलेली सुट्टी. लोकांचे दात पुरे झाले, आता घरात बसायचं, ईशाबरोबर संध्याकाळचा चहा प्यायचा. एवढंच तर ठरवलं होतं.

चहा तिनेच केला. मला दिला तो सोनेरी काठाच्या कपात. पाहुण्यांच्या. खाली बशी, बशीत दोन बिस्किटं.

"आई, तू चीनी घेते ना? मुझे ठीक से याद नहीं."

सहज विचारलं पोरीने. टोमणा असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. मग स्वतःचा कप आणि शेजारच्या काकूंचा निळा कप घेऊन ती त्यांच्याकडे गेली. रोज जाते म्हणे. काकूंचा कप आमच्याच फडताळात असतो, हेही आजच कळलं.

मी सोनेरी काठाच्या कपातून एकटीच चहा प्यायले. बिस्किटं तशीच ठेवली, पाहुणे ठेवतात तशी.

मग आठवलं, माझाही कप होता की या घरात. ईशाने चौथीत असताना रंगवलेला, वेड्यावाकड्या फुलांचा. मीच तो क्लिनिकमध्ये नेला. का, तर दिवसभर तिची आठवण जवळ राहावी.

उद्या जाऊन घेऊन येते म्हटलं, तर ईशाचा बाबा अजय पेपरमधून मान वर न करता म्हणाला, "नको. एकदा कुलूप उघडलंस की तिथेच बसशील."

राग आला. पण बसलेच असते.