बिट्टीची कार्डं

३ मार्च

चि. लेकीस, भरपूर आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र मिळालं. बोलायला शिकवायच्या ऐवजी बिट्टीच्या थेरपीच्या बाईंनी चित्रांची कार्डं हातात दिली, हे काही माझ्या टाळक्यात शिरलं नाही. नात पाच वर्षांची झाली. चित्र दाखवून पाणी मिळायला लागलं तर ती तोंड कशाला उघडेल? जन्मभर मुकी राहील. मी चौथीत शाळा सोडली, पण चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवतोय, एवढं कळतं. खालचा न्हावी सांगतो, लांब एका शहरात केंद्र आहे, तिथे तीन महिन्यांत पोरांना बोलतं करतात. बघून ये. आणि ते थेरपी थेरपी जरा कमी कर. एक मात्र कळव. कार्डं फेकते म्हणालीस, ती सगळीच फेकते की ठरावीक?

लोभ आहे, तो जागेवर आहे. डोकं थंड ठेव.

तुझा बाप


८ मार्च

ती. बाबांना, शि. सा. न. वि. वि.

सगळीच फेकते. पाण्याचं तर सगळ्यात आधी. बाई म्हणतात, कार्डांनी बोलणं अडत नाही. आपल्याला मागता येतं हे आधी तिला कळायला हवं. मला पटतंय, पण खात्री नाही. तुमच्या न्हाव्याच्या केंद्राला फोन केला. ते म्हणाले, कार्डं बंद, खुणा बंद, शब्द निघेपर्यंत हातात काही द्यायचं नाही. बाई त्यांच्याकडची बिट्टीची पुढची जागा वीस तारखेपर्यंतच धरून ठेवणार आहेत. म्हणून केंद्र स्वतःच्या डोळ्यांनी बघून येते आणि बिट्टीला तीन दिवस तुमच्याकडे सोडते. तिला बोल बोल म्हणून पिडू नका. टर्पेंटाइन वरच्या फळीवर ठेवा. तुम्हीही जेवा वेळेवर.

रागावलात तरी माया कमी करू नका.

तुमची लेक


१५ मार्च

चि. लेकीस, आशीर्वाद.

काल तिला न्यायला आलीस, केंद्रातली रडणारी पोरं बघून आलीस, आणि आता काय करू म्हणून मला विचारलंस. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून लिहितो.

पहिल्याच दिवशी मी तुझं ऐकलं नाही. तू तिच्यासोबत दिलेला पिवळा मग भरला, वर धरला आणि म्हटलं, पाणी म्हण, मग देतो. पाच मिनिटं धरला असेन. तिने दारावर डोकं आपटून घेतलं. मग दिलं पाणी. न्हाव्याशी तेव्हापासून बोललो नाही.

मग कार्डं काढून बघितली. पाण्याच्या कार्डावर काचेचा उंच पेला, त्यात नळी. असला पेला तुमच्या घरात आहे का? ती पिते त्या पिवळ्या, तुटक्या कानाच्या मगातून. एका दुकानावर दुसऱ्याची पाटी लावली तर मालक काय करेल? फेकेलच ना. पुठ्ठा कापला आणि तो मग तुटक्या कानासकट रंगवला. ती शेजारी बसून बघत होती. रंग वाळायच्या आत तिने पुठ्ठा उचलला आणि माझ्या तळहातावर दाबला. मी पाणी दिलं. परत दाबला. सहा वेळा. सहाव्यांदा प्यायलीच नाही, नुसती मगाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिली. हे खरंच चालतं का, ते तपासत असावी. मग चप्पल रंगवली, शिडी रंगवली. जे दाबेल ते आणून देत गेलो. धावून धावून गुडघे दुखले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने कोरा पुठ्ठा आणून दिला. काय हवंय कळेना. चेंडू काढला, फेकला. खिडकी काढली, फेकली. तू सोडून गेलीस तेव्हा तिने वळूनही बघितलं नव्हतं, म्हणून मला सुचायला वेळ लागला. तुझा चष्मा काढला, एक वेणी काढली. नाक काढायच्या आत तिने तो ओढला आणि माझ्या तळहातावर दाबला. आता तुला मी कुठून आणणार? संध्याकाळी येईल म्हटलं. परत दाबला. मी हात मागे घेतला, तर पुठ्ठा घेऊन उंबऱ्यावर जाऊन बसली ती तू येईपर्यंत.

पत्र मिळताच बाईंना होकार कळव. ती बोलेल की नाही, मला ठाऊक नाही. आणि त्यांना एक विचारून घे: घरात नसलेलं माणूस मागितलं, तर हातात काय द्यायचं असतं?

उत्तर लवकर पाठव. तोवर दोघींवर लोभ आहेच.

तुझा बाप