एव्हारिस्तोकाकांचं पिकलेलं घड्याळ

फिदेन्झा, मंगळवार

ती. डेल्फिनाताईस,

धाकट्या उलिसेचा, कंबर परवानगी देईल तितकं वाकून नमस्कार. तुझा संधिवात, भाओजींचा खोकला आणि तुमची ती चावरी मांजर, तिघांची प्रकृती बरी असावी. (मांजरीची असेलच, तिला कुणाची काळजी असते?) मी ठीक आहे. म्हणजे कंबर धरली आहे, तळहाताला फोड आले आहेत आणि मन विरक्त झालं आहे. ते कसं झालं, तेच सांगायला हे पत्र.

आपले एव्हारिस्तोकाका वारले. घाटातल्या मोटारींच्या शर्यतीत वेळ मोजायचे, ते. मरण छान आलं. भोपळ्याचं सारण भरलेल्या तोर्तेल्ली दुसऱ्यांदा वाढून घेतल्या, संपवल्या आणि गेले. शर्यतींच्या दिवसांपासून त्यांच्या डाव्या मनगटावर एक घड्याळ असायचं. बाजूला दोन गुंड्या. वरची दाबली की लांब काटा धावायला लागतो, पुन्हा दाबली की थांबतो. असली घड्याळं जुन्या बाजारात ढिगानं मिळतात. पण ह्याची काळी तबकडी वर्षानुवर्षं ऊन खाऊन कॉफीच्या रंगाची झाली होती. तू म्हणशील, खराब झाली. आम्ही शौकीन म्हणतो, पिकली. अशी पिकलेली तबकडी आमच्या अख्ख्या मुलखात दुसरी नाही. ती मिळावी म्हणून मी आणि दाताचा डॉक्टर ग्वाल्तिएरो दर रविवारी काकांकडे पत्ते खेळायला जायचो आणि मुद्दाम हरायचो. घड्याळाचा विषय काढला की काका म्हणायचे, "मी मेल्यावर बघा." त्यामुळे त्यांच्या तब्येतीची चौकशी आमच्याइतकी मन लावून पोटच्या पोरांनीही केली नसती. (त्यांना पोरं नव्हती, ही आणखी एक सोय.)

अंत्यविधीला ग्वाल्तिएरो धाय मोकलून रडत शवपेटीपाशी गेला, काकांचा डावा हात त्यानं दोन्ही हातांत घेतला आणि अंगठ्यानं बाहीच्या आत चाचपायला लागला.

"काय रे, नाडी बघतोस?" मी त्याच्या कानात म्हटलं.

"नाहीये!"

"आता कशी असेल?"

"घड्याळ रे, गाढवा!"

"ते माझ्याकडे आहे," मागून नॉर्माकाकू शांतपणे म्हणाल्या. "ह्यांच्यावर ज्याचा खरा जीव होता, त्यालाच देणार."

ताई, तिथून आमच्या प्रेमाला पूर आला. ग्वाल्तिएरोनं काकूंना नवी कवळी बसवून दिली. मी त्यांचं परस खणलं, कोंबड्यांचं खुराडं दुरुस्त केलं, त्यांच्या बहिणीला गाडीतून पार्माला नेऊन आणलं. (ती वाटभर मला ग्वाल्तिएरो समजून आ करून दाढ दाखवत होती.) शिवाय रविवारी जेवताना काकांच्या आठवणी काढायच्या, त्यातही चढाओढ. त्याचे काका दिलदार, तर माझे साक्षात संत. परवा काकूंनी सूप वाढता वाढता सहज विचारलं, "ह्यांचे डोळे कुठल्या रंगाचे होते रे?"

मी म्हणालो निळे. तो म्हणाला तपकिरी.

"एक तपकिरी," काकू म्हणाल्या. "दुसरा काचेचा. आणि तुम्ही मुद्दाम हरायचात ना, ते त्यांना काचेच्या डोळ्यानंसुद्धा दिसायचं."

आम्ही दोघंही ताटलीत बघत बसलो. खरंच लाज वाटली गं. काकांचं मनगट मी आजही कागदावर केसांसकट काढून दाखवीन. चेहरा मात्र आठवेना. काकूंना आमची दया आली असावी. आत जाऊन त्या घड्याळ घेऊन आल्या. "बाई बाई, किती कळकट झालं होतं! क्रेमोनाच्या घड्याळजीकडून नवी तबकडी, नवे काटे बसवून चांगलं घासून आणलंय."

नव्या पातेल्यासारखं चकाकत होतं. ग्वाल्तिएरोच्या हातातला चमचा गळून पडला. मी हंबरडा फोडला. खोटा नव्हे, आईच्या वेळीसुद्धा मी इतका रडलो नव्हतो. काकूंचे डोळे भरून आले. माझ्या पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "आज पहिल्यांदा तू ह्यांच्यासाठी खरं रडलास रे बाबा," आणि घड्याळ त्यांनी माझ्या मनगटावर बांधलं.

तेव्हापासून मी विरक्त. शौक म्हणजे निव्वळ वेड, हे आता पटलं. घड्याळ फक्त वेळ बघायला वापरतो, आणि काकांच्या कबरीवर फुलं ठेवून येतो. मोह म्हणून उरला नाही. भाओजींना नमस्कार.

तुझा
उलिसे

ता. क. तो घड्याळजी तुमच्याच गल्लीत, पाववाल्याच्या शेजारी बसतो. जुनी तबकडी त्यानं टाकून दिली की ठेवली, एवढं सहज विचारशील? आजच विचार. शाल घेऊन नीघ, भाओजींचं जेवण नंतर होईल.

आणखी ता. क. ग्वाल्तिएरोनं एकाएकी क्रेमोनाला यायचं काढलंय. म्हणे तिथल्या चर्चच्या घंटा ऐकायच्या आहेत. तुझ्याकडे डोकावेलच. त्याला आग्रह करून जेवायला बसव आणि भाओजींना त्यांच्या लष्करातल्या गोष्टी पहिल्यापासून सांगायला लाव.

आणि हे शेवटचं. तबकडी मिळालीच, तर मऊ रुमालात ठेव. पुसू नकोस, फुंकर मारू नकोस. तिच्यावरची धूळसुद्धा मूळची आहे.