खाटेखालची सायकल

५ जानेवारी

वही, माफ कर. फार उशिरा उघडतोय तुला. पण लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं. गुडघे दुखतात, हे रोज काय लिहायचं? आज मात्र घडलंय. सूनबाईंनी चिरंजीवांची सायकल बाल्कनीतून आत आणली आणि धुतली!

धुतली म्हणजे फडका मारला असं नाही. दात घासायच्या ब्रशने साखळीची एकेक कडी घासली. मी विचारलं, "विकायची आहे का?"

"चालवायची आहे, बाबा. डोंगरात. मार्चमध्ये शर्यत आहे."

डोंगरात! रस्ते करता करता माणसांचे जन्म गेले, आणि ही मुद्दाम जिथे रस्ता नाही तिथे जाणार. हाडं मोडायला घरातला जिना होता की.

७ जानेवारी

झोप नाही. लिहून टाकतो, म्हणजे डोकं रिकामं होईल.

चिरंजीव दोन वर्षांसाठी परदेशी गेले. त्यांची दोन वर्षं अजून संपायची आहेत, आमची चार झाली. मागच्या वर्षी फोनवर सूनबाईंना म्हणाले, "माझी वाट बघू नकोस. तू मोकळी आहेस." काय हे औदार्य! तिकडे दुसरा संसार मांडला की मन असं मोठं होत असेल. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी चष्म्याच्या दुकानात कामावर गेली, लोकांचे डोळे तपासायला.

आणि मी इथेच. घर माझ्या नावावर आहे खरं, पण घर ती चालवते. आता तिचं-माझं नातं काय? साखळीची मधली कडी निखळल्यावर दोन टोकांनी एकमेकांना का धरून ठेवावं? तिला विचारत नाही. विचारलं आणि तिनं उत्तर दिलं तर?

१२ जानेवारी

सायकलवाल्याकडे गेलो होतो तिच्याबरोबर. त्याला सगळे 'सर्जन' म्हणतात. हातमोजे घालतो, सायकल टांगून ठेवतो आणि मान हलवत बघतो — पेशंट दगावणार असं वाटावं.

"काका, हिला आधी हलकी करू," म्हणाला. मडगार्ड काढले. स्टँड काढला. कॅरिअर काढलं. घंटीसुद्धा काढली!

"उभी कशी करायची?"

"भिंतीला टेकवायची."

"डोंगरात भिंत?"

"आडवी ठेवायची, काका."

म्हणजे प्रगती अशी की जी सायकल उभी राहत होती ती आता आडवी पडणार. काढलेलं सगळं तो भंगाराच्या डब्यात टाकत होता. मी पिशवीत भरून घरी आणलं. खाटेखाली पोत्यात ठेवलंय. उद्या चिरंजीव आले आणि म्हणाले, 'माझी सायकल कुठंय?' — तर काय दाखवू? तिला सांगितलेलं नाही.

२० जानेवारी

पुढचे शॉकअप बदलले. जुन्यात स्प्रिंग होती, नव्यात नुसती हवा आहे म्हणे. जुने पोत्यात.

२६ जानेवारी

पुढची तीन दातेरी चक्रं काढून एकच बसवलं. तीन होती तेव्हा कमी गियर होते का? पण नाही, आता मागे एवढं मोठं चक्र लावलंय की त्यात जेवण वाढता येईल. चढाला पाय हलका जातो, म्हणाली.

मी म्हटलं, "चढाला उतरून हातात धरायची. आम्ही तेच केलं."

"म्हणून तर तुमचे गुडघे गेले, बाबा!" आणि हसली. हसायचं काय त्यात? पण बऱ्याच दिवसांनी हसली, म्हणून सोडून दिलं.

३ फेब्रुवारी

आज ऐकू नये ते ऐकलं.

ती मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. मी स्वयंपाकघरात पाणी पीत होतो, आणि पाणी पिण्याला वेळ लागतो. म्हणाली, "एकेक जुनं काढून टाकतेय गं. नुसतं ओझं. किती दिवस वाहायचं?"

पुढचं ऐकू आलं नाही. ऐकायची गरजही नव्हती. या घरात सगळ्यात जुनं आणि सगळ्यात जड काय आहे ते मला ठाऊक आहे. रोज सकाळी वजनकाट्यावर तेच तर उभं राहतं.

९ फेब्रुवारी

ट्यूब काढून टाकली! दोन्ही चाकांतली! सर्जन म्हणाला, ट्यूबच नको, टायरात दुधासारखं औषध ओतायचं, काटा लागला तर भोक आपोआप बुजतं. मी म्हटलं, पुढच्या वेळी चाकच नको म्हणाल.

आणि हवा किती? अंगठा दाबला तर आत गेला! उभं आयुष्य बस डेपोत मी टायरांत हवा भरली. सातवी नापास माणूस, पण लोखंडी दांडा टायरावर मारला की आवाजावरून सांगायचो, पोकळ आहे की ठणठणीत. मऊ टायर म्हणजे बस उलटणार. हे कुणी शिकवायला नको मला.

सर्जनला म्हटलं तसं. तो म्हणाला, "काका, बस वेगळी. इथे टायर दगडाला बिलगला पाहिजे."

बिलगला पाहिजे! टायर आहे की नवरदेव?

१० फेब्रुवारी

ती कामावर गेल्यावर पंप घेतला. दोन्ही चाकं ठणठणीत केली. आता बरं वाटतंय.

१६ फेब्रुवारी

पुन्हा भरली. रोज सकाळी ती सोडते, दुपारी मी भरतो. आमचा संवाद असा चालू आहे.

२३ फेब्रुवारी

पडली.

टेकडीच्या मागच्या उतारावर खडी आहे, तिथे चाक उडालं. कोपर सोललंय, गुडघ्याला टाके. आज घाईत हवा न बघताच निघाली होती. सर्जन सायकल घेऊन घरी आला, टायर दाबून बघितला आणि म्हणाला, "कुणी भरली एवढी? हा टायर नाही, धोंडा झालाय."

मी पेपर वाचत होतो. पेपर उलटा होता.

२४ फेब्रुवारी

दिवसभर माझ्याशी नीट बोलली. जास्तच नीट. हे वाईट लक्षण. संध्याकाळी पाय उशीवर ठेवून बसली होती. मला म्हणाली, "बाबा, जरा पंप द्या."

दिला.

तिनं पंपाची मूठ नाकाजवळ नेली. "पंपाला बामाचा वास येतो."

घरात बाम एकच माणूस लावतो. मी म्हटलं, "मऊ टायरनं बस उलटते."

"मी बस आहे का?"

"नाही."

"मग?"

मग बोलून गेलो. कसा कोण जाणे. म्हटलं, "ओझं टाकायचंय ना तुला? टाक. पण सांगून टाक. मी ऐकलंय फोनवर."

हसता हसता तिचा टाका दुखला. "बाबा, मी स्टँड आणि मडगार्डबद्दल बोलत होते हो! आणि तुम्ही कसलं ओझं? तुम्ही या घरातला ब्रेक आहात. ब्रेकचं वजन कुणी मोजत नाही."

ब्रेक म्हणजे स्तुती की टोमणा? अजून कळलेलं नाही.

२५ फेब्रुवारी

पंपावरचा काटा कसा बघायचा ते तिनं शिकवलं. काट्याजवळ लाल नेलपॉलिशचा ठिपका काढलाय. "इथपर्यंत. एक केसही पुढे नाही. हवा बघणं आजपासून तुमचं काम. मी हात लावणार नाही."

मला नोकरी लागली. या वयात, बिनपगारी.

८ मार्च

सर्जन म्हणतो, सायकलचा सांगाडा मुळातच तिच्या मापाचा नव्हता. उंच माणसासाठी होता. ती इतके दिवस वाकून, ताणून चालवत होती, म्हणून पाठ भरून यायची. कुणाचा तरी वापरलेला, तिच्या मापाचा सांगाडा त्यानं मिळवला, नवे भाग त्यावर चढवले आणि हँडल, सीट, चाकंसुद्धा दुसरी लावली.

पहिल्यांदा बसली तेव्हा चेहरा बघण्यासारखा होता. कुणीतरी नेमका नंबर लावून चष्मा दिल्यासारखा.

जुना सांगाडा मी बाल्कनीत खुंटीला टांगला. हँडल, सीट, जुनी चाकं सगळं खाटेखाली. म्हणजे आता चिरंजीवांची सायकल पूर्ण माझ्याकडे आहे आणि हिची पूर्ण हिच्याकडे. कुठल्या दिवशी एकीच्या दोन झाल्या, लक्षातच आलं नाही.

१८ मार्च

सराव झाला. टायर मऊ, आणि पडली नाही! डेपोतल्या कुणाला सांगू नये.

२८ मार्च

आज निघाली. सर्जनच्या गाडीतून गेले दोघं, शर्यत उद्या आहे. निघताना मी हवा बघितली. ठिपक्याच्या एक केस आधी थांबलो, उगाच धोका नको. मग अंगठ्यानं दाबलं, मग पुन्हा काटा बघितला. सर्जन म्हणाला, "काका, बस सुटेल!"

मी तिला म्हटलं, हळू जा. शर्यतीला निघालेल्या माणसाला हळू जा म्हणणारा जगात मीच असेन. ती म्हणाली, "ब्रेक लागला बघा," आणि वाकून नमस्कार केला. परवा येते म्हणाली. पोचल्यावर फोन करते म्हणाली. केला नाही. डोंगरात फोनही मऊच लागत असेल.

२९ मार्च

दुपारी बेल वाजली. तिचीच काही खबर असेल म्हणून धावलो. गुडघे विसरून.

चिरंजीव.

चार वर्षांनी. बूट काढायच्या आधी बाल्कनीत डोकावले आणि म्हणाले, "बाबा, माझी सायकल कुठंय?"

तिचं नाव नाही. माझ्या गुडघ्यांची चौकशी नाही. मग बसून पाणी प्यायले आणि म्हणाले, "तुम्हाला न्यायला आलोय. हे घर काढून टाकू. बॅग भरा."

'माझी सायकल कुठंय?' या वाक्याची वाट बघत मी ते पोतं भरलं होतं. ओढून बाहेर काढलं, खुंटीवरचा सांगाडा उतरवून वर ठेवला. "ही घे. एक स्क्रू कमी नाही."

"आणि तुम्ही?"

"मला जमणार नाही. ती उद्या येते. दोन्ही चाकांतली हवा मला बघावी लागते."

गेला. पोतं जिन्यावर वाजत गेलं.

शर्यत आता संपली असेल. पोरी, पडली असशील तरी कळव, पहिली आली असशील तरी कळव. पण लवकर कळव गं.